कन्हानकाठचं खापा

परदेशातल्या शाळेची मुलं नागपूरला पाहुणी आली, तर त्यांना खाप्याला न्यायलाच हवं. सातपुड्यातून उतरणाऱ्या कन्हानच्या काठावर, सावनेरजवळ हे जुनं विणकरांचं गाव आहे. इथल्या हातमागांनी लुगडी-धोतरं विणली.

1867 साली इथे नगरपालिका आली, त्याच वर्षी मुंबईहून रेल्वे नागपुरात पोचली. तिच्याबरोबर विलायती कापड स्वस्तात येऊ लागलं. 1877 मध्ये नागपुरातच एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली. मागाला दोन्हीकडून झळ बसली. तरी इथल्या कोष्टी विणकरांनी तो लगेच खाली ठेवला नाही. ही चिकाटी पाहुण्या मुलांना आवर्जून सांगावी.

पुढे शेजारच्या गुमगावात मँगनीज निघालं. पोलादाला लागणाऱ्या या खनिजाची तिथली खाण आज ‘मॉईल’ ही सरकारी कंपनी चालवते.