डेट्रॉईट सोडून

मताचा हक्क कसा मिळाला हे आपण सभेसभेत सांगतो. टाकलेलं मत मोजतं कोण, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून मी आज डेट्रॉईटचं सांगतो.

डेट्रॉईट म्हंजे अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं मोटारींच्या कारखान्यांचं शहर. शंभरातली पाऊणशेवर माणसं काळी. ज्यांच्या पँथरवरून १९७२ ला मुंबईत आपल्या पोरांनी संघटनेला नाव दिलं, त्यांचेच हे भाऊबंद. यांचे आजे-पणजे दक्षिणेतून पोटासाठी आलेले. तिकडं काळ्याला मत टाकू देत नव्हते. कधी परीक्षा घ्यायचे, कधी कर मागायचे, कधी सरळ जीव घ्यायचे. मार्च १९६५ ला सेल्माच्या पुलावर डोकी फुटली, तेव्हा कुठं ऑगस्टात मताधिकाराचा कायदा झाला.

२०१८ ला मिशिगनच्या जनतेनं कौल देऊन टपाली मताची मुभा सगळ्यांना मिळवली. २०२० ला करोना आला. डेट्रॉईटच्या लाखावर लोकांनी मतं पाकिटातून दिली. ही पाकिटं मतदानाच्या दिवसाआधी मोजायची नाहीत, असा तेव्हा कायदा होता. मग मोजणी लांबणारच. ४ नोव्हेंबरला मोजणीच्या हॉलबाहेर जमाव काचा बडवत ओरडत होता, मोजणी थांबवा! आत दोन्ही पक्षांचे शेकडो प्रतिनिधी आधीच हजर होते.

१७ नोव्हेंबरला जिल्ह्याच्या मंडळापुढं निकाल आला. चार सभासद. दोन रिपब्लिकनांनी नकार दिला. कारण काय, तर काही केंद्रांवर वहीतली नावं आणि मतपत्रिका जुळत नाहीत. असा फरक लिव्होनिया या गोऱ्या वस्तीच्या गावातही होता. तरी त्यांच्यातली एक म्हणाली, डेट्रॉईट सोडून बाकीचं मंजूर करू.

बघा! वेशीबाहेर काढायची भाषा सगळीकडं सारखीच.

पण लोक गप्प बसले नाहीत. करोनामुळं सभा दूरवरून चालली होती. तिथंच एकामागून एक माणसं तासन्‌तास सुनावत राहिली. त्याच रात्री चौघांनी निकाल मंजूर केला. २०२१ ला रिपब्लिकनांच्याच सिनेट समितीला मोठ्या घोटाळ्याचा पुरावा सापडला नाही. २०२२ ला जनतेनं राज्यघटनेतच लिहून घेतलं, की मंडळानं आकड्यांवरूनच निकाल मंजूर करायचा, मर्जीवर नाही.

आपल्याकडं २०२४ ला वायव्य मुंबईची लोकसभेची जागा ४८ मतांनी ठरली. टपाली मतं किती आली, किती बाद झाली, कशानं झाली, हे विचारणारं आपलं माणूस टेबलापाशी हवं. नियम पाठ असलेली पोरं वस्तीवस्तीत आत्तापासून तयार करा.