साल कोणतं धरायचं?

माजलगावच्या तहसीलसमोर, चहाच्या टपरीला टेकून तुम्ही उभे आहात. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत पणजोबांचा कागद. घडीवर फाटलेला, कडेनं वाळवीनं खाल्लेला, आणि सगळा उर्दूत. 2023 पासून मराठवाड्यात आरक्षणासाठी निजामकाळच्या नोंदी शोधायचं पेव फुटलं, घरोघरच्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या, तुमचीही उघडली. कागद निघाला, वाचणारा निघेना. मोडी वाचणारे एक गृहस्थ भेटले, त्यांनी कागद बघून हात जोडले. शेवटी चहावाल्यानंच सांगितलं, मशिदीमागं एक रिटायर मास्तर राहतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात, तिकडं जा.

चाचा कागद उजेडाकडं धरतात. "ही छापील उर्दू नव्हं बाळा, शिकस्ता हाय. घाईघाईत ओढलेली. नुक्ते खाऊन टाकलेत लिहिणाऱ्यानं." बोट सरकत सरकत खाली येतं. "जमीन पुरुषोत्तमपुरीच्या शिवारातली. आन् तारीख... खुर्दाद, तेराशे चव्वेचाळीस."

"म्हणजे तुघलकाच्या काळातलं?" तुम्ही विचारता. बारावीला इतिहास होता तुमचा.

चाचा हसतात. आकडा एक, पण साल चार. इसवी धरलं तर महंमद तुघलक दिल्लीत आहे. शके धरलं तर 1422 उजाडतं. हिजरी धरलं तर 1925-26. आणि हा कागद निजामाच्या राज्यातला, म्हणजे हे फसली साल. पिकाच्या हंगामावर बेतलेलं, महसुलाच्या सोयीचं. त्यात 590 मिळवायचे, जानेवारीपासून पुढं 591. तुमचा कागद 1935 चा. "साल कोणतं धरायचं ते आधी ठरवावं लागतंय," असं म्हणून चाचा चष्मा पुसायला घेतात.

तेवढा वेळ पुरे. डोळे मिटा.

आधी तुमच्याच शिवारात उतरा. पुरुषोत्तमपुरी, गोदावरीचा दक्षिण काठ, शके 1232, म्हणजे 1310. अधिक महिन्यात तुम्ही जिथं धोंडे वाहायला येता, तिथंच उभे आहात. पण रसवंत्या नाहीत, गाड्यांची रांग नाही, आणि नदीला आजच्यापेक्षा कितीतरी पाणी. देवगिरीच्या रामचंद्र यादवानं आपला मंत्री पुरुषोत्तम याला गावं दिली आहेत आणि मंत्र्यानं त्यांचं अग्रहार करून ब्राह्मणांना दान दिलं आहे. नाव अर्थातच स्वतःचं ठेवलं आहे. दान कायमचं, म्हणून लेख तांब्यावर. गावांची नावं, चतुःसीमा, राजाची वंशावळ, सगळं एकेक अक्षर कोरून. पुढं हे पत्रे सापडतील, वा. वि. मिराशी ते वाचतील आणि यादवांच्या शेवटच्या वर्षांचा एक मोठा पुरावा म्हणून पुस्तकांत त्यांचा दाखला येत राहील.

जरा वाकून वाचा. राजानं वाराणसी म्लेंच्छांच्या हातून सोडवली आणि तिथं शार्ङ्गधराचं सोन्याचं देऊळ उभारलं, असं त्यात कोरलं आहे. आता तुम्हाला माहीत असलेलं आठवा. 1296 मध्ये अलाउद्दीन खलजीनं देवगिरी लुटली. 1307 मध्ये मलिक काफूरनं रामचंद्राला दिल्लीला नेलं. तिथं त्याचा मान झाला, 'रायरायान' किताब मिळाला आणि तो मांडलिक होऊन परत आला. तांब्यावर हे कोरलं जात असताना दिल्लीच्या फौजा दक्षिणेत उतरताहेत आणि त्यांची सरबराई हाच राजा करतो आहे. तांबं गंजत नाही, पण ते खरंच बोलतं असं कुणी सांगितलं?

इथून पाहिलं तर इस्लाम मराठी मुलखात घोड्यावर बसून आला असंच वाटतं. शाळेत आपल्याला तो तसाच भेटतो. म्हणून अजून मागं चला, 384 वर्षं, आणि नदीचा काठ सोडून समुद्राच्या काठाला.

शके 848, म्हणजे 926. आजच्या पालघर जिल्ह्यातलं चिंचणी आणि त्याच्या वर संजाणचं बंदर. राज्य राष्ट्रकूटांचं, गादीवर तिसरा इंद्र. खाडी ओलांडायला तुम्ही नावेत बसता, कनवटीला हात घालता, तर नावाडी मान हलवतो: पैसे लागत नाहीत. पलीकडं उतरलात की अन्नछत्र. साळीचा भात, कालवण, वर तूप, तेही फुकट. हे सगळं कुणी लावून दिलं म्हणून विचारा. नाव सांगतात मधुमती. जातीचा ताजिक, म्हणजे अरब. 'मुहम्मद' हे नाव संस्कृतात बसवताना मधुमती झालं, असं अभ्यासक म्हणतात. इंद्राच्या आजोबांनी, दुसऱ्या कृष्णानं, त्याला या संयान, म्हणजे संजाण, मंडळाचा अधिकारी नेमलं आहे. आणि आज तो काय करतो आहे? एका मठिकेला, तिथल्या देवीच्या नैवेद्याला आणि ब्राह्मणांच्या जेवणाला जमीन तोडून देतो आहे. लेख संस्कृतात, आणि कोरलेला कशावर? तांब्यावर.

किनाऱ्यानं खाली चौलला गेलात तर दहाएक वर्षांपूर्वीच, हिजरी 304 मध्ये, मसूदी नावाचा बगदादचा प्रवासी तिथं येऊन गेला आहे. तिथं दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, त्यांतले बरेच इथंच जन्मलेले, आणि त्यांचे तंटे त्यांच्यातलाच एक प्रमुख मिटवतो, असं तो लिहितो. राष्ट्रकूट राजाला हे लोक 'बल्हरा' म्हणतात आणि त्याच्याइतका अरबांवर लोभ करणारा दुसरा राजा नाही असं सांगतात. लोभ फुकटचा नव्हता, हेही खरं. घोडे समुद्रावरून येत होते, जकात बंदरावर मिळत होती. पण फुकटची नाव आणि तूपभात हेही तितकंच खरं, आणि आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला एक ओळ मिळालेली मला तरी आठवत नाही.

आता लांबची उडी. पश्चिमेला, वाळवंटापलीकडं, सन 638. मदिना. इथं तुम्ही मागं, मशिदीच्या कडेला बसा. पुढं जाऊ नका, आपला मान नाही तो. खजुराच्या खोडांचे खांब, वर झावळ्यांचं छप्पर, खाली पसरलेले खडे. पैगंबरांना जाऊन सहा वर्षं झाली आहेत. खलिफा हजरत उमर. इराकपासून शाम, म्हणजे सीरियापर्यंत मुलूख हाती आला आहे, आणि राज्य वाढलं की जे होतं तेच झालं आहे: कागदोपत्री गोंधळ. म्हणजे कागद अजून नाही. चामडं आहे, खजुराच्या फांद्यांची देठं आहेत, हाडं आहेत. पण गोंधळ अगदी आपल्या तहसीलातला. परंपरागत वृत्तांत असा, की इराकमधला सुभेदार अबू मूसा कळवतो, तुमची पत्रं येतात, पण त्यांवर साल नसतं. कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं, कळत नाही. कर्जाच्या एका लेखावर नुसतं 'शाबान' लिहिलेलं. कोणता शाबान? सरलेला, चालू, की येणारा?

तुम्हाला हसू येतं, कारण चाचांनी मघाशी हेच विचारलं होतं.

हा फक्त दफ्तराचा प्रश्न नाही. ज्या समाजात कुराणातली सगळ्यात लांब आयत उसनवारी लिहून ठेवा, लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, साक्षीदार घ्या हे सांगते, त्याला तारीख म्हणजे इमानाचा भाग वाटणारच. मग चर्चा. साल कुठून मोजायचं? पैगंबरांच्या जन्मापासून? पहिला संदेश आला तिथून? निधनापासून? ठरतं ते हिजरतीपासून. मक्केतला छळ सोसून मदिनेला निघून आले त्या 622 सालापासून. काही वृत्तांतांत ही सूचना हजरत अलींची. जन्म नाही, विजय नाही. घर सोडल्याचं साल. पहिला महिना मोहरम. महिने चंद्राचे, अधिक मास नाही, म्हणून वर्ष दहा-अकरा दिवसांनी मागं सरकत राहतं आणि रमजान कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत येतो. शेतसाऱ्याला असलं फिरतं साल चालत नाही. सारा पीक निघाल्यावरच मागता येतो. म्हणूनच पुढं फसली साल काढावं लागलं, आणि म्हणूनच तुमच्या पणजोबांच्या कागदावर तेराशे चव्वेचाळीस पडलं.

परतीची वाट बगदादवरून. फार थांबू नका. एवढंच बघा, की आठव्या शतकाच्या अखेरीस इथं कागद बनतो आहे. 751 मध्ये तलासच्या लढाईत धरलेल्या चिनी कैद्यांनी समरकंदला ही विद्या शिकवली, असं सांगतात. चामडं खरवडून अक्षरं बदलता येतात. कागदावर खाडाखोड दिसते. हिशेबाला आणि कोर्टाला याहून काय हवं? नक्कलकारांची, पुस्तकवाल्यांची एक अख्खी पेठच इथं आहे.

आणि मग आपलं दौलताबाद, म्हणजे जुनी देवगिरी. हिजरी 743, म्हणजे 1342. इथं मात्र निवांत फिरा.

किल्ल्याखाली बाजारात मराठी ऐकू येते, फारसीही, आणि दोन्हींच्या मधलं काहीतरी, ज्यातून पुढं दखनी निघेल. पंधरा वर्षांपूर्वी, 1327 मध्ये, महंमद तुघलकानं दिल्लीची माणसं इथं हाकलली. तुम्हाला भेटणारे कित्येक जण हौसेनं आलेले नाहीत. वाटेत कुणी लेकरू पुरलं, कुणी आई. पुढं सुलतानानंच परत जायची मोकळीक दिली. काही गेले, काहींचे पाय इथंच रुतले. जामा मशिदीत शिरलात तर 1318 साल आठवा. कुत्बुद्दीन मुबारकनं यादवांचं राज्य संपवलं आणि ही मशीद उभी राहिली. खांबांना हात लावा, देवळाचे आहेत. तुमच्या पुरुषोत्तमपुरीची गावं देणाऱ्या राजाचं घराणं ताम्रपटानंतर आठ वर्षंही टिकलं नाही. फुकटची नाव सांगितली, तर हे खांबही सांगितले पाहिजेत.

त्याच गर्दीत मोरोक्कोचा इब्न बतूता दिसेल. त्याच्याकडं सुलतानाच्या वकिलीचं काम आहे, चीनला निघाला आहे. किल्ल्यातल्या कैदखान्यात मांजरांपेक्षा मोठे उंदीर आहेत, मांजरं त्यांना भितात, असं तो लिहून ठेवणार आहे. गाणाऱ्यांचा बाजारही पाहतो तो: गालिचे अंथरलेली दुकानं, मध्ये मोठा घुमट, गुरुवारी असरच्या, म्हणजे दुपार उतरल्यावरच्या, नमाजानंतर तिथं मैफल. आणि त्याच बाजारात मशिदी, रमजानात तिथं तरावीह, म्हणजे रात्रीची खास नमाज. मराठे लोक कारागिरीत, वैद्यकात, ज्योतिषात हुशार आणि जेवायला भात, भाजी, तिळाचं तेल, अशी नोंद तो करतो. भाकरी त्यानं चाखली की नाही, देव जाणे.

घाट चढून खुल्दाबादकडं चला. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांना जाऊन पाच वर्षं झाली. त्यांच्या खानकाहीत, म्हणजे मठात, येणाऱ्याला आधी जेवण, मग बोलणं. जिक्र, म्हणजे नाव घेणं, श्वासागणिक. आणि समा, म्हणजे गाणं ऐकून देहभान हरपणं. मौलवी नाकं मुरडतात, तरी थांबत नाही. वारकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पण जरा कोपऱ्यात बघा: काशानी घराण्यातले भाऊ गुरूचं बोलणं लिहून घेत असत, दिवसवार, तारीखवार. दिल्लीत निजामुद्दीन अवलियांचं बोलणं याच रीतीनं टिपणारे अमीर हसन सिज्जीही इथंच, याच मातीत विसावलेत. सूफी जे बोलतात ते वाऱ्यावर जाऊ द्यायचं नाही. ते कशावर उतरायचं?

वाटेतच कागजीपुरा. इथल्या कागदाची परंपरा तुघलकाच्या काळापर्यंत नेतात. चिंध्या भिजत घातल्या आहेत, चुन्यात मुरवल्या आहेत, कुटून लगदा केला आहे. पाण्यानं भरलेल्या हौदाच्या काठाशी एक माणूस बसला आहे, दोन्ही हातांनी गवताच्या काड्यांची चाळण बुडवतो, वर काढतो, पाणी निथळतं आणि चाळणीवर एक पातळ साय उरते. ती भिंतीवर चिकटवतो, वाळली की खळ लावून दगडानं घोटतो. चकचकीत. बोट फिरवून बघा. तांबं कोरायला राजा लागतो. यावर तुमचा पणजोबाही अंगठा उठवू शकतो. पुढं मोडीत, फारसीत, उर्दूत याच मुलखातल्या शेताबांधांचा हिशेब असल्या कागदावर उतरत जाणार आहे.

चाचांनी चष्मा लावला.

"हां," म्हणतात, "आता बघ." शेजारी त्यांचा नातू वही घेऊन बसला आहे. चाचा उर्दू वाचतात, तो मराठीत उतरवतो. मौजे पुरुषोत्तमपुरी, तालुका माजलगाव, जिल्हा बीड. तुम्ही मध्येच थांबवता. "चाचा, मूळ कागदावरबी मौजेच हाय?"

"मग? मौजा अरबी. तालुका अरबी. जिल्हा अरबी. मालक, वारस, हक्क, हद्द, नक्कल, अर्ज, समदे तिकडचेच. कागद, जमीन फारशी." चाचा कागद घडी मोडू न देता परत करतात. "ह्यात संस्कृत एकच, तुझं पुरुषोत्तम. त्येला कुणी हात लावला न्हाई."

नातू मराठी नकलेच्या खाली रेघ ओढतो आणि मान वर करतो. "दादा, खाली आजची तारीख टाकू ना?"

भिंतीवर कालनिर्णय. इसवीचा मोठा आकडा, त्याखाली शके आणि तिथी, कोपऱ्यात बारीक अक्षरात मुस्लिम महिना. पोरगं तिन्हीकडं बघतं, मग चाचांकडं.

"ह्यातली कोणती, दादाजान?"