बॉर्डर कॉली घ्यायचाय? आधी त्याची जुनी नोकरी समजून घ्या

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आपल्यापैकी किती घरांत सध्या "आई, आपण कुत्रा घेऊया ना" हा विषय चालू आहे, हे मला नव्याने सांगायला नको. आमच्याकडे अकरा वर्षांची मुलगी आहे आणि तिला बॉर्डर कॉलीच हवाय. काळा-पांढरा, हुशार, डोळ्यांत डोळे घालून बघणारा. आम्ही इंग्लंडच्या उत्तर भागात राहतो, त्यामुळे गाडीने तासभर बाहेर पडलं की डोंगरावर मेंढ्या आणि त्यांच्यामागे हाच कुत्रा दिसतो. पोरीचं मन बसलं यात नवल नाही.

मी व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. कुठलीही मोठी वस्तू घरात येण्याआधी तिचे जुने कागद बघायची सवय हाडात मुरलेली आहे. म्हणून या कुत्र्याचेही जुने कागद काढले, म्हणजे इतिहास वाचला. तो वाचल्यावर "आपल्या घराला हा झेपेल का" या प्रश्नाचं उत्तर बरंचसं तिथेच मिळालं. तेच तुमच्यापुढे मांडते.

हा कुत्रा मुळात कशासाठी?

इंग्लंड आणि स्कॉटलंडची सीमा शेकडो वर्षं धुमसत होती. दोन्हीकडच्या टोळ्या एकमेकांची गुरं पळवायच्या. 1603 मध्ये दोन्ही देशांचा राजा एकच झाला आणि हळूहळू तिथे शांतता आली. पुढे लोकरीला भाव आला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्कॉटलंडच्या उत्तर डोंगराळ भागात तर जमीनदारांनी शेकडो कुटुंबांना गावांतून हुसकून लावलं आणि त्या जमिनीवर मेंढ्या आणल्या. मेंढ्या हजारोंनी आणि माणसं मोजकी, असं चित्र झालं.

आता आपल्याकडचा धनगर डोळ्यांपुढे आणा. दिवाळीनंतर माण-फलटणकडचे कळप कोकणाच्या वाटेला लागतात तेव्हा धनगर स्वतः मेंढरांबरोबर चालतो, बायकापोरं आणि घोड्यावरचं बिऱ्हाड सोबत असतं. रात्री कुणाच्या तरी शेतात मेंढरं बसवतात. त्याच्या कुत्र्याचं काम राखणीचं. लांडगा आला तर भुंकायचं, अंगावर जायचं. मेंढरं हाकायला माणसं आहेतच.

स्कॉटलंडच्या डोंगरात तसं नव्हतं. मेंढ्या मैलोन्‌मैल मोकळ्या चरायच्या आणि त्या गोळा करायला एकच माणूस. त्यामुळे त्याला असा कुत्रा हवा होता, जो मालक नजरेआड असताना डोंगरापलीकडे जाईल, स्वतःच्या डोक्याने निर्णय घेईल आणि एकाही मेंढीला न चावता सगळा कळप खाली आणेल. तेही दिवसभर, थंडी-पावसात.

जेम्स हॉग (1770–1835) नावाचा एक मेंढपाळ-लेखक याच सीमाभागातल्या एट्रिक खोऱ्यातला. त्याने आपल्या सिरा नावाच्या कुत्र्याची हकीकत लिहून ठेवली आहे. एका रात्री सुमारे 700 कोकरं उधळली आणि अंधारात तीन दिशांना पळाली. माणसं रात्रभर शोधून थकली. पहाटे बघतात तर सिरा सगळ्या कोकरांना एका घळीत राखून उभा, आणि एकही कमी नाही. याच हॉगने एक हिशोबही मांडला आहे. कुत्रा नसेल तर मेंढ्या सांभाळायला इतकी माणसं लागतील की सगळ्या कळपाच्या नफ्यातून त्यांचं पोटसुद्धा भरणार नाही, असं त्याचं म्हणणं. हे वाचून मी मनात म्हटलं, हा तर कॉस्ट अकाउंटिंगचा धडा. एक कुत्रा कित्येक माणसांचे पगार वाचवत होता, आणि त्याच्यातली ही ताकद पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवली गेली.

1873 साल: दोन मोजपट्ट्या

1873 मध्ये दोन गोष्टी घडल्या. लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वेल्समधल्या बाला गावी ब्रिटनमधली पहिली जाहीर मेंढीकुत्र्यांची स्पर्धा भरली. बक्षीस नेलं वेल्समध्ये राहणाऱ्या एका स्कॉटिश माणसाच्या ट्वीड नावाच्या कुत्र्याने.

एकीकडे कुत्रा दिसतो कसा हे बघणारे, दुसरीकडे काम करतो कसा हे बघणारे. कॉलीच्या जातीत या दोन मोजपट्ट्यांचा परिणाम स्पष्ट दिसतो. राणी व्हिक्टोरियाला बाल्मोरलमध्ये कॉली आवडले आणि ते प्रतिष्ठेचे झाले. प्रदर्शनांसाठी लांब केस, लांब नाक असलेले निवडले गेले आणि त्यातून रफ कॉली तयार झाला. आपल्या पिढीला तो 'लॅसी'मुळे माहीत आहे. मेंढपाळांनी मात्र दिसण्याकडे बघितलंच नाही. कान उभे असोत की पडलेले, केस आखूड असोत की लांब, काम येतं ना? मग ठेवा.

1893 मध्ये नॉर्थम्बरलंडमधल्या अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे एक पिल्लू जन्मलं, हेम्प. त्याचा बाप रॉय मनमोकळा, फारशी धारदार नजर नसलेला. आई मेग लाजरी, पण नजर इतकी जबरदस्त की मेंढ्या जागच्या जागी थिजाव्यात. हेम्पमध्ये दोघांचा मेळ जमला. तो भुंकत नसे, चावत नसे, वाकून नजर रोखायचा आणि मेंढ्या वळायच्या. जो तो त्याच्याकडून पिल्लं घेऊ लागला. 1901 मध्ये तो गेला तोवर त्याची दोनशेच्या वर पिल्लं झाली होती. आजचे बॉर्डर कॉली जवळजवळ सगळे त्याचेच वंशज. 1906 मध्ये इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी स्थापन झाली आणि 'बॉर्डर कॉली' हे नाव तर त्यानंतर, 1915 च्या सुमारास, तिचे सचिव जेम्स रीड यांच्यामुळे रूढ झालं.

ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली 1976 मध्ये. अमेरिकेत 1995 मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा कामाचे कुत्रे पाळणाऱ्यांनी कडाडून विरोध केला होता. त्यांची भीती साधी होती: आता लोक हा कुत्रा दिसण्यासाठी घेतील आणि त्याचं काम विसरतील.

म्हणजे तो घराघरांत 'पेट' म्हणून आला ते अगदी अलीकडे. त्याआधीची शंभरएक वर्षं फक्त काम बघून निवड झाली आहे. आपल्या दिवाणखान्यात आल्यावर ते काम त्याच्या अंगातून जाणार कसं?

ते काम घरात कसं दिसतं?

लांडग्याची शिकार एका क्रमाने होते: रोखून बघणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं, मारणं. कॉलीमध्ये माणसाने यातले पहिले तीन भाग वाढवले आणि शेवटचे दोन दाबून टाकले. मेंढ्या नसल्या तरी पहिले तीन जागेच असतात. मग वळायला काय सापडतं? सायकलवरची मुलं. वाढदिवसाला आलेली दहा पोरं. रस्त्यावरच्या गाड्या, आणि हे जिवावर बेततं. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा. वळताना टाचेला दातही लागू शकतो. यात रागाचा भाग नाही, पण चार वर्षांच्या मुलाला ते कोण समजावणार?

(ज्यांची मुलं 'ब्लूई' बघून कुत्रा मागताहेत त्यांच्यासाठी: ब्लूई ही ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग आहे. ती जात गुरं हाकायची, आणि तीही टाचेला चावून. म्हणून तर तिला हीलर म्हणतात.)

आता हिशोब

केनेल क्लब सांगतो, बॉर्डर कॉलीला दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त व्यायाम हवा. आपण दोनच धरू. वर्षाचे 730 तास. इथल्या साडेसदतीस तासांच्या आठवड्याने भागलं तर साडेएकोणीस आठवड्यांची पूर्णवेळ नोकरी झाली. तीही पावसात, डिसेंबरमध्ये चार वाजता अंधार पडल्यावर, आणि आखातात असाल तर जूनच्या उन्हाच्या आधी पहाटे उठून.

नुसतं पळवून भागत नाही, डोक्यालाही काम लागतं. "कॉली खूप हुशार असतो" हे सांगताना लोक चेसरचं उदाहरण देतात. अमेरिकेत साउथ कॅरोलायनामध्ये जॉन पिली या निवृत्त मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपल्या चेसर या कुत्रीला 1,022 खेळण्यांची नावं शिकवली. 2011 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. हे खरं आहे. पण त्यासाठी ते तिला रोज चार-पाच तास शिकवत होते, तीन वर्षं. चारच तास धरले तरी 4,380 तास होतात. माणूस निवृत्त होता, हे विसरू नका. या हुशारीला काम मिळालं नाही तर ती सोफा, दार आणि शेजाऱ्यांच्या झोपेवर खर्च होते.

शिवाय आयुष्य बारा ते पंधरा वर्षं. मुलगी आज अकराची. ती अठराव्या वर्षी युनिव्हर्सिटीत जाईल, कुत्रा आपल्याकडे राहील. भारतवारीचे चार-पाच आठवडे त्याला कोण सांभाळणार? तेव्हा "मी सगळं करीन" हे मुलांचं वचन ताळेबंदात मालमत्ता म्हणून धरू नका, मंडळी.

मग घ्यायचाच नाही का?

असं मी म्हणत नाही. ज्यांच्या घरी एक जण रोज डोंगर चढतोच, कुणी घरून काम करतं, मुलं मोठी आहेत, आणि अ‍ॅजिलिटी किंवा शोधाशोधीचे खेळ मनापासून शिकवायची हौस आहे, त्यांच्यासाठी यासारखा सोबती नाही. पण पिल्लू बघायला गेलात की आईबाप मेंढ्यांवर काम करणारे आहेत की प्रदर्शनातले, हे विचारा. कामाच्या ओळीतला कुत्रा घरात जास्त जड जातो. सांभाळ केंद्रातला मोठा कुत्राही बघा, त्याचा स्वभाव आधीच समजलेला असतो.

आणि दुसऱ्या जातींनाही हाच प्रश्न विचारा: तुझी जुनी नोकरी काय? ग्रेहाउंडची नोकरी होती ससा दिसला की जीव खाऊन थोडा वेळ धावायची. म्हणून शर्यतीतून निवृत्त झालेले ग्रेहाउंड दिवसाचा मोठा भाग झोपून काढतात. आपला मुधोळ किंवा कारवानी कुत्राही त्याच नजरेने शिकार करणाऱ्या घराण्यातला. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने तो जोपासला, आणि 2005 मध्ये भारतीय टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं.

आमच्या घरी काय झालं? दोघं नोकरी करणारे, घर लहान, धाकटा पाच वर्षांचा. आमच्या रकान्यात 730 तास बसत नाहीत. लेकीला हे सगळे आकडे कागदावर मांडून दाखवले. ती रडली. दोन दिवस बोलली नाही. मग तिनेच विचारलं, "मग त्या कुत्र्याला आपल्याकडे कंटाळा आला असता ना?" हो, बाळा. सध्या ती शनिवारी शेजारच्या आजींचा म्हातारा लॅब्राडॉर फिरवते, न चुकता. वर्षभर टिकलं तर निवृत्त ग्रेहाउंडचा विचार करू असं ठरलंय, आणि यावेळी तास तिने मोजायचे आहेत.

मेंढपाळ काम संपलं की कुत्र्याला "दॅटल डू" म्हणतो. म्हणजे बास, झालं आता. ते ऐकून कुत्रा शांत होतो, कारण दिवसभर खरंच काम झालेलं असतं. आपल्या घरी संध्याकाळी ते शब्द हक्काने म्हणता येतील एवढं काम आपण त्याला देऊ शकणार आहोत का? पिल्लाचा फोटो बघण्याआधी नवरा-बायकोने बसून एवढं ठरवा.

ज्यांच्याकडे कॉली, हीलर किंवा हस्की आहे त्यांनी आपला रोजचा खरा दिनक्रम खाली जरूर लिहा. बाकीच्यांना त्याचा उपयोग होईल.