मोरिनी साडेतीनचं कूळ

मोतो मोरिनी ३½ या मोटरसायकलच्या इंजिनाचं हेड उतरवावं आणि उलटं धरून बघावं. बहुतेक इंजिनांत तिथे घुमटासारखी पोकळी असते आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण त्या पोकळीत पेटतं. इथे तळ सरळसोट सपाट. दोन्ही वाल्व शेजारीशेजारी, एकमेकांना समांतर. पोकळी आहे ती खाली, पिस्टनच्या माथ्यात कोरलेल्या वाटीत. ३४४ सीसीच्या या हलक्या गाडीचं सगळं शहाणपण मला त्या वाटीत दिसतं.

बोलोन्याच्या अल्फोन्सो मोरिनी यांनी १९३७ साली स्वतःची कंपनी काढली. कारखाना छोटा, पण जिद्द मोठी. १९६३ साली तार्क्विनियो प्रोविनीने मोरिनीच्या एका सिलिंडरच्या २५०वर बसून होंडाच्या चार सिलिंडरांना शेवटच्या शर्यतीपर्यंत झुंजवलं. जगज्जेतेपद दोन गुणांनी हुकलं. १९६९ साली अल्फोन्सो गेले आणि कारभार त्यांच्या मुलीकडे, गाब्रिएलाकडे आला. कारखान्याला नवं इंजिन हवं होतं आणि हात आखडून खर्च करावा लागणार होता. हे काम फ्रांको लाम्बेर्तिनी या तरुण अभियंत्यावर सोपवलं गेलं.

पिस्टनमध्ये वाटी कोरण्याची कल्पना जुनीच होती. सॅम हेरॉन या अभियंत्याच्या नावाने ती ओळखली जाते, आणि मोरिनीच्या या इंजिनाच्याच सुमारास जॅग्वारच्या व्ही-१२ इंजिनातही ती आली. लाम्बेर्तिनींनी ती उचलली, कारण सपाट हेड घडवायला सोपं आणि स्वस्त पडतं. पिस्टन वर आला की त्याची कड हेडला जवळजवळ टेकते, कडेचं मिश्रण वाटीत ढकललं जातं, घुसळलं जातं आणि झपाट्याने जळतं. काटकसरीसाठी शोधलेल्या वाटेने पेट्रोलही वाचलं. याला मी उत्तम अभियांत्रिकी म्हणतो.

वाचलेला पैसा त्यांनी नेमक्या जागी ओतला. दोन सिलिंडर ७२ अंशांच्या व्हीमध्ये, आणि मागच्यालाही वारा लागावा म्हणून तो पुढच्यापासून किंचित बाजूला सरकवलेला. कॅमशाफ्ट व्हीच्या बेचक्यात, त्यामुळे पुशरॉड आखूड. ती फिरवायला दातेरी रबरी पट्टा. गिअर सहा. इग्निशन पहिल्यापासून इलेक्ट्रॉनिक, तेही ज्या काळात पॉइंट घासत बसणं हा गाडीवाल्यांचा नित्यक्रम होता. १९७१ साली मिलानच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली आणि १९७३ साली तिचं उत्पादन सुरू झालं. पुढे त्याच आराखड्यातून ५०० निघाली, आणि एकच सिलिंडर ठेवून १२५ व २५०सुद्धा.

१९८७ साली कंपनी काजिवाकडे गेली. नव्या हातांनी मोरिनी पुन्हा उभी राहिली तेव्हा तिच्या ११८७ सीसीच्या इंजिनासाठी परत लाम्बेर्तिनींनाच बोलावलं गेलं.

आज साडेतीन बाळगणाऱ्याला सुधारणा कराव्याशा वाटतातच. त्या जरूर कराव्यात, फक्त कुठे हात घालायचा ते या कुळावरून ठरवावं. डिस्क ब्रेकच्या गाडीला रबरी नळीऐवजी स्टीलच्या जाळीची नळी बसवली की लिव्हरचा लिबलिबीतपणा जातो. चांगला रेग्युलेटर, रिले, मागे नवे शॉक अब्सॉर्बर, ताजे टायर, यांनी गाडी रोज वापरण्याजोगी होते. दातेरी पट्टा मात्र किलोमीटर न बघता वयावरून बदलावा, कारण गाडी नुसती उभी असली तरी रबर कडक होतं. क्लच कोरडा आहे. त्यावर तेल झिरपत असेल तर प्लेटा बदलण्याआधी सील बदलावं.

इंजिनाची ताकद वाढवायला लोक पोर्ट कोरतात, मोठे कार्ब्युरेटर चढवतात. माझं मन त्याला राजी होत नाही. हेड सपाट असल्यामुळे इथे कॉम्प्रेशन पिस्टनच्या वाटीवर ठरतं, आणि कारखान्याने स्पोर्ट मॉडेलसाठी जास्त कॉम्प्रेशनचे पिस्टन काढलेच होते. जास्तीचा जोर हवाच असेल, तर साध्या मॉडेलमध्ये तेच घालावेत.