चित्रपटातील जुन्या वस्तूंच्या प्रतिकृती आणि साधनचिकित्सा: दिल्ली परिसरातील उदाहरणे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता येतील: ऐतिहासिक चित्रपटासाठी लागणाऱ्या वस्तू कशा शोधल्या व घडवल्या जातात, वस्तूच्या सुट्या भागावरून तिचा काळ कसा ठरवतात, आणि ‘मूळ’ व ‘प्रतिकृती’ यांतील सीमारेषा दिसते तितकी सोपी का नाही.

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम कागद येतो: पत्रे, बखरी, फर्माने, दप्तरे. वस्तूंचा विचार आपण करतो तो बहुधा उत्खननातली खापरे किंवा नाणी यांच्यापुरता. पण विसाव्या शतकातल्या वस्तूंचे काय? चष्मा, कॅमेरा, चरखा, रेल्वेचे इंजिन ही देखील साधनेच आहेत. त्यांची चिकित्सा अतिशय बारकाईने करणारा एक वर्ग इतिहासाच्या वर्गखोलीबाहेर आहे. तो म्हणजे चित्रपटासाठी जुन्या वस्तू जमवणारे आणि त्या वस्तूंच्या हुबेहूब प्रतिकृती करणारे लोक.

नाटक-सिनेमाच्या भाषेत अशा वस्तूंना ‘प्रॉपर्टी’ किंवा नुसते ‘प्रॉप’ म्हणतात. प्रॉप तीन प्रकारे मिळतो. खरी जुनी वस्तू मिळवता येते, नवी घडवता येते, किंवा खऱ्या जुन्या वस्तूंचे सुटे भाग जोडून तिसरीच वस्तू तयार करता येते. या तिन्ही प्रकारांची उदाहरणे दिल्ली परिसराच्या आधाराने पाहू. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न धरून चला: ही वस्तू, किंवा तिचा हा भाग, नेमका कोणत्या काळातला आहे?

१. राजपथ, १९८१

रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटातील अंत्ययात्रेचे दृश्य ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीच्या राजपथावर चित्रित झाले. तीन लाखांच्या आसपास लोक त्यात सहभागी झाले होते. पडद्यावर मात्र ते दृश्य काही मिनिटेच दिसते.

हा चित्रपट १८९३ मधील दक्षिण आफ्रिकेपासून १९४८ मधील दिल्लीपर्यंतचा काळ दाखवतो. म्हणजे वेशभूषाकाराला एका माणसाची पंचावन्न वर्षे कपड्यांतून दाखवायची होती. विलायती सूट, नंतर काठेवाडी पोशाख, आणि सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत घेतलेल्या निर्णयानंतर पंचा. इथे कपडा ही शोभेची गोष्ट राहत नाही, ती तारीख सांगते. १९२० च्या प्रसंगात पंचा दिसला तर तो कालविपर्यास ठरतो, मग कापड कितीही अस्सल हातमागाचे असो.

ही जबाबदारी दोघांवर होती. एक कोल्हापूरच्या भानू अथैया आणि दुसरे ब्रिटिश वेशभूषाकार जॉन मोलो. दोघांना मिळून ऑस्कर पुरस्कार मिळाला आणि भानूताई तो मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. मोलो यांचे हे दुसरे ऑस्कर होते. पहिले त्यांना ‘स्टार वॉर्स’ (१९७७) या चित्रपटासाठी मिळाले होते. जुन्या वस्तूच्या सुट्या भागांचा शोध आज जगभर ज्या एका प्रॉपमुळे चालतो, तो त्याच चित्रपटातला असल्यामुळे क्षणभर तिकडे वळू.

२. फ्लॅशची मूठ

‘स्टार वॉर्स’मधील नायकाची प्रकाशाची तलवार तुम्ही पाहिली असेल. तिची मूठ कोणत्याही कारखान्यात तलवारीसाठी बनलेली नव्हती. सेट सजवण्याचे काम करणारे रॉजर ख्रिश्चन यांना लंडनच्या एका छायाचित्रण साहित्याच्या दुकानात जुन्या फ्लॅशच्या धातूच्या मुठी सापडल्या. ग्राफ्लेक्स या अमेरिकन कंपनीच्या कॅमेऱ्याला जोडायच्या, आत बॅटरीचे सेल घालायच्या या नळ्या होत्या. त्यावर पकडीसाठी पट्ट्या चिकटवल्या, एका कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची भिंगाची पट्टी बसवली, आणि भविष्यातले शस्त्र तयार झाले.

आज ज्यांना या तलवारीची अचूक प्रतिकृती हवी असते ते नवी नळी घेऊन समाधान मानत नाहीत. त्यांना तीच जुनी फ्लॅशची मूठ हवी असते. मग चिकित्सा सुरू होते. नळीवर कोरलेले कंपनीचे नाव काय आहे? १९४५ पर्यंत ही कंपनी ‘फोल्मर ग्राफ्लेक्स कॉर्पोरेशन’ होती, त्यानंतर ‘ग्राफ्लेक्स इन्कॉर्पोरेटेड’ झाली. म्हणजे नावातल्या एका शब्दावरून वस्तू कोणत्या काळातली हे सांगता येते. नाण्यावरील लेख वाचून राजा आणि काळ ठरवणारा नाणकशास्त्रज्ञ याहून वेगळे काही करत नाही.

पण हाच शोध इतिहासाचे नुकसानही करतो, आणि ते समजायला पुन्हा दिल्लीत यावे लागेल. याच कंपनीचा ‘स्पीड ग्राफिक’ हा कॅमेरा १९४० च्या दशकात वृत्तपत्र छायाचित्रकारांचे नेहमीचे हत्यार होते. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला १९४२ मध्ये मुंबईहून दिल्लीला आल्या. त्यांच्या हातातही स्पीड ग्राफिक असे. स्वातंत्र्याच्या वेळचे सोहळे आणि गांधीजींची अंत्ययात्रा त्यांनी टिपली. अशा कॅमेऱ्याची मूठ वेगळी काढून तलवारीसाठी विकली गेली, तर उरलेला कॅमेरा अपुरा राहतो आणि मूठ कोणत्या कॅमेऱ्याची, कोणाच्या हातातली, हे कायमचे पुसले जाते. प्रतिकृती अचूक झाली, पण मूळ वस्तूचा इतिहास त्यासाठी खर्ची पडला. सुट्या भागांच्या बाजाराकडे पाहताना ही किंमत विसरू नका.

३. चरखा: ‘याच्या आधी नाही’ हा नियम

आता नव्याने घडवलेल्या प्रॉपकडे वळू. गांधीजींवरील प्रसंगासाठी चरखा हवा, असे कोणी म्हणाले तर तुमचा पहिला प्रश्न असला पाहिजे: कोणता चरखा?

उभ्या मोठ्या चाकाचा चरखा भारतात शतकानुशतके होता. मिटून पेटीत मावणारा आणि प्रवासात नेता येणारा पेटीचरखा मात्र गांधीजींच्या १९३० नंतरच्या येरवडा कारावासाशी जोडलेला आहे. म्हणूनच त्याला ‘येरवडा चक्र’ असेही म्हणतात. त्याआधी, १९२९ मध्ये, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. म्हणजे चांगला, हलका, अधिक सूत देणारा चरखा हा त्या काळी न सुटलेला प्रश्न होता. असहकार चळवळीच्या, म्हणजे १९२१ च्या प्रसंगात पेटीचरखा ठेवला तर फक्त एक वस्तू चुकत नाही. हा प्रश्न आधीच सुटला होता असे प्रेक्षकाला वाटते आणि तो सोडवण्याची धडपड दिसेनाशी होते.

इथून एक नियम मिळतो. वस्तूचा शोध किंवा निर्मिती ज्या वर्षी झाली, त्याआधीच्या प्रसंगात ती असू शकत नाही. पण नियमाचा उलटा अर्थ काढू नका. नवी वस्तू आली म्हणून जुनी लगेच नाहीशी होत नाही. मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी १९४६ मध्ये पुण्यात काढलेले गांधीजींचे प्रसिद्ध छायाचित्र पाहा. त्यात समोर उभ्या चाकाचाच चरखा आहे. पेटीचरखा येऊन दीड दशक उलटल्यावरही जुना चरखा वापरात होता. ‘याच्या आधी नाही’ हे खात्रीने म्हणता येते, ‘याच्या नंतर नाही’ हे क्वचितच.

असा चरखा घडवायचा तर मापे कोठून घ्यायची? छायाचित्रातून आकार कळतो, पण लाकडाची जात, चाकाच्या आसाची जाडी, चातीचा कोन कळत नाही. त्यासाठी मूळ वस्तूसमोर उभे राहावे लागते. दिल्लीत राजघाटासमोर राष्ट्रीय गांधी संग्रहालय आहे. गांधीजींच्या वापरातल्या वस्तू आणि हत्येच्या वेळी अंगावर असलेली वस्त्रे तिथे जपलेली आहेत. सार्वजनिक संग्रहालयाचे महत्त्व इथेच कळते, कारण खासगी मालकीत गेलेल्या वस्तूचे माप घेणे मालकाच्या मर्जीवर अवलंबून असते. मार्च २००९ मध्ये गांधीजींचा चष्मा, चपला, खिशातले घड्याळ आणि ताट-वाटी यांचा न्यूयॉर्कमध्ये लिलाव झाला. येरवड्यातील एक चरखा नोव्हेंबर २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये १ लाख १० हजार पौंडांना विकला गेला.

४. रेवाडीचे इंजिन: ‘मूळ’ म्हणजे काय?

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील हरियाणाच्या रेवाडी शहरात १८९३ मध्ये उभारलेली वाफेच्या इंजिनांची शेड आहे. वाफेची इंजिने वापरातून गेल्यावर तिचे रूपांतर वारसा संग्रहालयात झाले. तिथली इंजिने चालत्या स्थितीत असल्याने अनेक हिंदी चित्रपटांना त्यांचा उपयोग झाला. ‘भाग मिल्खा भाग’ (२०१३) हा त्यांतलाच एक.

या शेडमध्ये ‘अकबर’ नावाचे डब्ल्यूपी वर्गाचे इंजिन आहे. निमुळते, बंदुकीच्या गोळीसारखे नाक ही या वर्गाची खूण. आता मघाचा नियम लावून पाहा. डब्ल्यूपी वर्गाची पहिली सोळा इंजिने १९४७ मध्ये अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यातून आली. ‘अकबर’ मात्र चित्तरंजनच्या कारखान्यात १९६० च्या दशकात तयार झाले, आणि तो कारखानाच १९५० मध्ये सुरू झाला. असे इंजिन १९२५ च्या काकोरी प्रसंगात उभे केले तर ते सरळ चूक. १९४७ च्या प्रसंगात उभे केले तर? वर्ग चालून जाईल, पण ते विशिष्ट इंजिन तेव्हा जन्मलेलेही नव्हते. खरी, जुनी, चालती वस्तूसुद्धा चुकीच्या काळात उभी केली की खोटे सांगते.

तरीही दिग्दर्शक तेच इंजिन घेतो, कारण दुसरे उरलेलेच नाही. बाकीची इंजिने कापून भंगारात गेली. म्हणजे पडद्यावर आपल्याला भूतकाळ दिसत नाही, तर भूतकाळातले जे वाचले ते दिसते. फाळणीच्या आगगाडीचे जे चित्र आज आपल्या मनात आहे, त्याला बऱ्याच अंशी अशा वाचलेल्या मोजक्या इंजिनांनी आकार दिला आहे.

दुसरे उदाहरण ‘फेअरी क्वीन’चे. इंग्लंडमधील लीड्स शहरात १८५५ मध्ये बनलेले हे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात होते. १९९७ मध्ये ते पुन्हा रुळांवर धावू लागले. २०११ मध्ये मात्र त्याचे अनेक भाग चोरीला गेले. असे भाग बाजारात मिळणे शक्य नव्हते. ते चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात नव्याने घडवावे लागले. मग आजचे इंजिन १८५५ चे की एकविसाव्या शतकाचे? याचे प्रामाणिक उत्तर एका शब्दात देता येत नाही. सांगाडा एका काळाचा, काही भाग दुसऱ्या काळाचे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. कोणता भाग केव्हा बदलला याची नोंद नसेल, तर मात्र ती वस्तू साधन म्हणून निकामी होते.

५. भंगारातून आलेली वस्तू

जुने भाग शोधणारा माणूस दिल्लीत शेवटी भंगार बाजारात पोहोचतो. तिथे वस्तू वजनावर विकली जाते. ती कोठून आली, कशासाठी होती, हे कोणी लिहून ठेवत नाही. असे विस्मरण किती महाग पडते हे एप्रिल २०१० मध्ये मायापुरीच्या भंगार बाजारात दिसले. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेले, अनेक वर्षे पडून असलेले एक प्रयोगशाळेचे यंत्र तिथे सोडवले गेले. त्यात किरणोत्सारी कोबाल्ट-६० होते. अनेकांना बाधा झाली आणि एकाचा मृत्यू झाला. यंत्राची ओळख त्याच्यासोबत गेली असती तर हे टळले असते.

कायद्याचीही बाजू आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार सर्वसाधारणपणे शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी नेता येत नाही. काळ पुढे सरकतो तसतशा आणखी वस्तू या व्याख्येत येत जातात. १९२५ मध्ये बनलेली वस्तू २०२५ मध्ये शंभर वर्षांची होते.

समारोप

प्रतिकृती करणारा आणि इतिहासकार एकाच वाटेवर उलट दिशांनी चालतात. इतिहासकार वस्तूवरून काळाकडे जातो, प्रतिकृती करणारा काळावरून वस्तूकडे. दोघांनाही विचारावे लागणारे प्रश्न तेच: कोणी बनवली, केव्हा, कशाची, कोणते भाग बदलले, आणि कोणाकोणाच्या हातांतून आली. भानू अथैया यांनी आपली ऑस्करची बाहुली २०१२ मध्ये पुरस्कार देणाऱ्या अकादमीकडे परत पाठवली, आपल्या पश्चात ती सुरक्षित राहावी म्हणून. जिने आयुष्यभर जुन्या वस्तूंचा अभ्यास केला, तिला आपल्या वस्तूसाठी देशात खात्रीची जागा दिसली नाही. हा प्रश्न तुमच्या पिढीपुढे आहे.

स्वाध्याय

१. ‘याच्या आधी नाही’ हा नियम स्पष्ट करा. त्याचा उलटा अर्थ काढणे का चुकीचे आहे, हे चरख्याच्या उदाहरणाने दाखवा.

२. ‘फेअरी क्वीन’ला मूळ इंजिन म्हणावे का? दोन्ही बाजू मांडून आपले मत द्या.

३. कोणत्याही एका ऐतिहासिक चित्रपटातील एक वस्तू निवडा. ती दाखवलेल्या काळात असणे शक्य होते का, हे तपासा.

४. तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू घ्या, उदा. शिवणयंत्र, रेडिओ, पितळी डबा. तिच्यावरील नाव व खुणा, बदललेले भाग आणि ती घरात कशी आली याची एक पानाची नोंद करा. नोंदीवर आजची तारीख व माहिती सांगणाऱ्याचे नाव लिहायला विसरू नका.