वेतन सोडलेला सेवक : रेव्हरंड टिळकांचा १९१७चा निर्णय

१/९
धाराशिव जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. जमलेल्या संतांच्या मस्तकावर थापटणे मारून त्यांनी कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे पाहिले, अशी कथा आहे. नामदेवांना तो मार सोसला नाही आणि तेच कच्चे ठरले.

२/९
भक्ती खरी की लाभापोटी, हा प्रश्न या भूमीत इतका जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी ख्रिस्ती समाजाला तो फार कठोरपणे विचारला गेला.

३/९
त्याचे एक कारण दुष्काळ. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांत दख्खन होरपळले. मिशनांनी अनाथ मुलांना आसरा दिला, भुकेल्यांना अन्न दिले. त्या काळात बाप्तिस्मा घेणाऱ्यांवर ‘पोटासाठी बाटले’ हा शिक्का बसला.

४/९
नारायण वामन टिळकांना (१८६१-१९१९) हा आरोप लागू पडणे कठीण होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यात मिळकत कसली? जात, आप्त आणि प्रतिष्ठा गेली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. त्या परतल्या आणि १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या.

५/९
पुढे टिळक नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत राहिले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२पासून त्यांनी ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले. या सेवेला वेतन होते आणि ते परदेशी मिशनकडून येत असे.

६/९
अडचण तेथेच होती. ख्रिस्तावर मनापासून प्रेम करणारा उपदेशकही ऐकणाऱ्याला साहेबाचा पगारी माणूस वाटे. शब्द कितीही खरे असोत, त्यांच्या आड वेतन उभे राही.

७/९
१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी आणि वेतन सोडले. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कोणालाही तेथे जागा होती; बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे मानणाऱ्या टिळकांना भजन-कीर्तन परके नव्हते.

८/९
दरबाराला दोन वर्षेही धड लाभली नाहीत. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. दरबाराच्या विस्तारावरून मोजायचे, तर हा प्रयोग लहानच म्हणावा लागेल.

९/९
म्हणून वेतन घेणारे सारे सेवक लोभी ठरत नाहीत. टिळकांनीही ते अनेक वर्षे घेतले होते. दुष्काळात भाकरी घेऊन प्रार्थनेस बसलेल्याच्या मनात काय होते, हेही बाहेरून सांगता येत नाही. दुसऱ्याचा हेतू तोलणे सोपे, पण बहुधा व्यर्थ असते. गोरोबांच्या कथेत कच्चे ठरलेले नामदेव टाकून दिले गेले नाहीत. ते विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के झाले. टिळकांनी तर कोणी थापटणे उचलण्याची वाट पाहिली नाही. पंचावन्न वर्षे उलटल्यावर, मान आणि स्थैर्य मिळाल्यावर, त्यांनी आपली सेवा स्वतःच पुन्हा आव्यात घातली.