पेंढ्यातली साखर आणि स्तनाचा कर्करोग

गुळवेलीने प्रतिकारशक्ती वाढते, आणि प्रतिकारशक्ती वाढली की कर्करोग हटतो, असा दोन पायऱ्यांचा युक्तिवाद घरोघर ऐकू येतो. त्यातली पहिली पायरी प्रयोगशाळेत काही अंशी टिकते. दुसरीवर पाय देताना मात्र फार जपले पाहिजे. असे का, हे कळण्यासाठी सव्वाशे वर्षांहून थोडा जुना इतिहास पाहावा लागतो.

१८९१ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली नावाचा तरुण शल्यवैद्य होता. हाडाच्या सार्कोमाने त्याची एक कोवळ्या वयाची रुग्ण दगावली आणि ते दुःख त्याच्या मनातून जाईना. रुग्णालयाची जुनी दप्तरे चाळता चाळता त्याला एक विलक्षण नोंद सापडली. मानेवर पुनःपुन्हा उद्भवणारी गाठ असलेल्या एका माणसाला धावरे झाले, सडकून ताप आला, आणि गाठ विरून गेली. मग कोलीने रोग्यांना धावऱ्याचे जिवंत जंतूच टोचले! १८९३ साली त्याने असे दहा रोगी नोंदवले, आणि पुढे उष्णतेने मारलेल्या दोन जंतूंचे मिश्रण वापरू लागला. सार्कोमात त्याला अधूनमधून यश आले. पण स्तनाचा कर्करोग ज्या जातीत मोडतो त्या कार्सिनोमात ते फारसे दिसले नाही.

या मिश्रणात काम करणारा पदार्थ कोणता? अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील मरे शिअर यांनी १९४३ साली त्यांतील एका जंतूपासून तो वेगळा काढला, तेव्हा तो पॉलिसॅकराइड वर्गातला निघाला. पॉलिसॅकराइड म्हणजे बहुशर्करा. साखरेचे रेणू माळेतल्या मण्यांसारखे ओवले की ती होते. भाकरीतले पिठूळ द्रव्य, बाभळीचा डिंक, कापसाचा तंतू ही सारी त्याच कुळातली मंडळी. शिअर यांच्या द्रव्याने उंदरांच्या गाठींत रक्तस्राव होऊन त्या झडत. पण माणसांना टोचताच हुडहुडी भरे आणि रक्तदाब घसरे. औषध म्हणून ते चालण्यासारखे नव्हते.

साहजिकच विचार आला की, जंतूंऐवजी निरुपद्रवी वनस्पतींतून अशी शर्करा मिळेल काय? टोकियोच्या वारो नाकाहारा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४च्या सुमारास जे पदार्थ तपासले ते ऐकून आपल्याकडच्या शेतकऱ्याला हसू येईल: गव्हाचा पेंढा, उसाची चिपाडे! त्यांतून काढलेल्या शर्करांनी उंदरांतील 'सार्कोमा १८०' या गाठीची वाढ रोखली. पण काचपात्रात याच शर्करा कर्कपेशींचे काही वाकडे करीत नसत. म्हणजे गाठीवर आघात करणारी शर्करा नव्हे, तो करणारे उंदराचे स्वतःचे शरीर होते. शर्करा फक्त त्याला जागे करीत होती. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला खरा शोध हाच.

तो पक्का केला गोरो चिहारा यांनी. शिताके या अळंबीतून (अळंबीची गणना तेव्हा वनस्पतींतच होई) त्यांनी 'लेंटिनान' ही शर्करा काढली आणि १९६९ साली जाहीर केली. दोन वर्षांनी दिसून आले की, जन्मतःच थायमस ग्रंथी काढलेल्या उंदरांत लेंटिनानचा प्रभाव पडत नाही. लसिका पेशींचे शिक्षण ज्या ग्रंथीत होते तीच नसेल, तर जागे करणार कोणाला? अळंबीतील बीटा-ग्लुकान ही शर्करा आपल्या भक्षक पेशी कशी ओळखतात, याचा उलगडा मात्र २००१ साली डेक्टिन-१ हा ग्राहक सापडल्यावर झाला. बुरशीचा शिरकाव झाला असे समजून पेशी सज्ज होतात. अळंबीचा अर्क ही त्यांच्या दृष्टीने एक खोटी हाकाटीच.

आता यातली मेख पाहा. सार्कोमा १८० ही गाठ १९१४ पासून एका उंदरातून दुसऱ्यात कलम होत आलेली. ती त्या उंदराच्या दृष्टीने परकीच. परक्याला हुसकावणे शरीराला सोपे जाते. स्त्रीच्या स्तनातली गाठ तिच्याच पेशींची असते, आणि पहारेकऱ्यांची नजर चुकवीतच ती वाढलेली असते. शिवाय वनस्पतीच्या अर्कात जंतूंच्या शर्करेचा लवलेश जरी राहिला, तरी भक्षक पेशी उद्दीपित होतात आणि श्रेय वनस्पतीला जाते. शिअर यांचे द्रव्य असे मागल्या दाराने परत येते.

गुळवेलीचा अभ्यास मुंबईत चांगला झाला आहे. वनस्पतींवरील ललित लेखनामुळे आपल्यापैकी अनेकांना परिचित असलेल्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी के. ई. एम. रुग्णालयात सहकाऱ्यांसह तिच्यावर काम केले, आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी १९९९ साली तिच्यातील एक बहुशर्करा वेगळी करून ती लसिका पेशींना चेतवते असे दाखवले. पण चेतवणे नेहमी हिताचेच असते असे नाही. २०२० साली मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, हेही सांगितले पाहिजे.

स्तनाच्या कर्करोगात प्रतिकारशक्तीचा काही संबंध आहे का? आहे. लसिका पेशींनी वेढलेल्या मेड्युलरी जातीच्या गाठींत रुग्ण अधिक जगतात, हे मूर आणि फूट यांनी १९४९ सालीच लिहिले होते. जपानने १९७७ साली दुसऱ्या एका अळंबीतील 'क्रेस्टिन'ला औषध म्हणून मान्यता दिली. १९८९ साली फेरतपासणी होऊन तिचे क्षेत्र आकसले, आणि रासायनिक उपचारांच्या जोडीने ते द्यावे असे ठरले. त्याच अळंबीची भुकटी अमेरिकेत किरणोपचार झालेल्या स्तन-कर्करोगाच्या स्त्रियांना देऊन पाहिली गेली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत नऊ जणी शेवटपर्यंत होत्या. भुकटी सोसली, काही प्रतिकारपेशींची संख्या वाढल्याची चिन्हे दिसली. आयुष्य वाढते का, हा प्रश्न एवढ्याशा चाचणीला विचारताच येत नव्हता.

त्या प्रश्नाचे उत्तर आले ते वेगळ्या वाटेने. कर्कपेशी पहारेकऱ्यांना ज्या खुणेने थोपवतात, ती खूण त्यांच्यापर्यंत पोहोचू न देणारे पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिपिंड 'ट्रिपल निगेटिव्ह' जातीच्या, अद्याप दूर न पसरलेल्या कर्करोगात रासायनिक उपचारांबरोबर दिले गेले. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ८१.७ वरून ८६.६ टक्क्यांवर गेले. हा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला. हजाराहून अधिक स्त्रिया त्या चाचणीत होत्या, आणि शस्त्रक्रिया त्यातही टळलेली नव्हती.

नेहमीचे उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचारांवर विसंबलेल्या २८१ अमेरिकन रुग्णांचा अभ्यास येल विद्यापीठातील डॉक्टरांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. निदानाच्या वेळी यांतील कोणाचाही कर्करोग दूर पसरलेला नव्हता. त्यांतील स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या ५.६८ पट आढळला.